उतारा न मागणारे अवजार केंद्र : एका पूर्ण हंगामाचा अनुभव

बेळगावहून येळ्ळूरकडे जाताना रस्त्याच्या कडेला पत्र्याची एक शेड लागते आणि तिच्यावर ‘शेती अवजारे भाड्याने मिळतील’ एवढाच फलक आहे. या केंद्राला याहून वेगळे नाव नाही. आमच्या भागातील पाच तरुणांनी ते भागीदारीत सुरू केले असून त्यांच्यात एक तरुणी आहे. गेल्या मे महिन्यात वळवाचा पहिला पाऊस झाल्यावर केलेल्या मशागतीपासून भाताच्या कापणीनंतर मसूर पेरेपर्यंत, म्हणजे एक पूर्ण हंगाम, मी त्यांच्याच अवजारांवर शेती केली. दर, वेळ, कामाचा दर्जा आणि बिघाड या सगळ्यांची नोंद मी वहीत ठेवली होती. तिच्या आधारे हा अभिप्राय लिहीत आहे.

माझे वय ३२ आहे. उद्यमबागेतील एका कारखान्यात मी पाळीने काम करतो आणि पाळी सुटल्यावर, तसेच साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, २ एकर १० गुंठे जमीन कसतो. त्यातील ६० गुंठ्यांत पावसाळ्यात भात आणि त्यामागून मसूर असते, उरलेल्या ३० गुंठ्यांत ऊस आहे. माझ्यासारखी दुहेरी कामे करणारी मुले आमच्या प्रत्येक गल्लीत सापडतील. आमच्याबरोबर शाळेत असलेल्यांपैकी काही पुण्याला गेले, काही गोव्याला, काही सैन्यात भरती झाले. जे बेळगावात राहिले ते मच्छे आणि उद्यमबागेच्या कारखान्यांत लागले. तरुणांना शेती नको असते, असे वडीलधारी माणसे सहज म्हणतात. मला ते मान्य नाही. शेती हवी असणारे तरुण मी रोज पाहतो, मात्र शेतीला लागणारा दिवस त्यांच्या हातात नसतो आणि शेतकरी म्हणून त्यांचे नाव कोणत्याही कागदावर नसते. या केंद्राने या दोन अडचणींपैकी पहिली बऱ्याच अंशी सोडवली आहे आणि दुसरीला निदान आपल्या दारात तरी अडथळा होऊ दिलेले नाही. म्हणून दरपत्रकाच्या आधी मी नोंदणीविषयी लिहितो.

नोंदणीसाठी त्यांच्याकडे एक लांब वही आहे. तिच्यात पहिला रकाना ‘कसणाऱ्याचे नाव’ असा आहे. त्यापुढे शिवाराचे नाव, क्षेत्र, मातीचा प्रकार, पाण्याची स्थिती, हवे असलेले अवजार आणि सोयीची वेळ हे रकाने येतात. सर्व्हे क्रमांक विचारला जातो तो जागा सापडावी एवढ्यासाठीच. जमिनीच्या मालकीचा उतारा मागितला जात नाही आणि मालकाची सही लागत नाही. पावती कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत छापलेली असते. मराठी शाळेत शिकलेल्या माझ्यासारख्याला आणि शेजारच्या कन्नड भाषक शेतकऱ्यालाही आपण किती तासांचे किती पैसे दिले हे कुणाला न विचारता कळते. ही बाब किरकोळ वाटेल, परंतु आपल्याला न वाचता येणाऱ्या कागदावर ज्यांनी अंगठे आणि सह्या केल्या आहेत त्यांना तिचे मोल विचारावे.

उताऱ्याचा मुद्दा मी एवढा का धरून बसलो आहे, ते सांगायला हवे. आमची जमीन वडील आणि दोन काका यांच्या सामाईक नावावर आहे. गेली आठ वर्षे ती मी कसतो, पण कागदोपत्री मी शेतकरी नाही. तीन वर्षांपूर्वी अनुदानावर वीडर, म्हणजे तण काढण्याचे यंत्र, मिळावा म्हणून मी एका कार्यालयात गेलो होतो. तेथे शेतकरी ओळख क्रमांक मागण्यात आला. ‘फ्रूट्स’ या नोंदणी प्रणालीत तो क्रमांक जमिनीच्या नोंदीशी जोडलेला असतो, त्यामुळे तो वडिलांच्या नावावर निघतो. खाते सामाईक असल्याने काकांची संमती आणा, असे पुढे सांगण्यात आले. एक काका पुण्यात राहतात आणि दुसऱ्यांचे वाटणीवरून वडिलांशी बोलणे नाही. वाटणी करून स्वतंत्र उतारा काढायचा तर अकरा-ई नकाशा (वाटणीच्या तुकड्याचा नकाशा), मोजणी आणि पोडी (सर्व्हे क्रमांकाची फोड) हा लांबचा रस्ता आहे. कारखान्यातील चार दिवसांची मजुरी बुडाल्यावर मी तो नाद सोडला. ही कथा माझ्या एकट्याची नाही. पंतप्रधान किसान सन्मान निधीचे वर्षाला ६,००० रुपये जमीनधारक कुटुंबालाच मिळतात. सहकारी संस्थेचे बिनव्याजी पीककर्जही उतारा पाहूनच मिळते. कसणारा मुलगा या सगळ्यांत कुठेच दिसत नाही.

दुसऱ्याची जमीन वाट्याने करणाऱ्या तरुणाची अवस्था याहून कठीण आहे. कर्नाटकात मुख्यमंत्री देवराज अर्स यांच्या काळात झालेली जमीन सुधारणा कायद्यातील दुरुस्ती १ मार्च १९७४ पासून लागू झाली आणि कुळांना जमिनीची मालकी मिळाली. फॉर्म ७ हा कुळाचा अर्ज भरून आपल्या नावावर जमीन झाली, असे सांगणारी म्हातारी माणसे आमच्या शिवारात अजून आहेत आणि त्या कायद्याचे ऋण मोठे आहे. परंतु त्याच कायद्याने, थोडे अपवाद सोडले तर, शेतजमीन खंडाने देण्यास मनाई केली, आणि ती मनाई आजही आहे. परिणामी ज्याच्याकडे स्वतःची जमीन नाही किंवा अपुरी आहे, अशा तरुणाने कुणाचे पडीक शेत निम्म्या वाट्याने घेतले तर तो व्यवहार तोंडीच राहतो. मालक कागद करत नाही, कारण जमीन हातची जाईल अशी त्याला भीती असते. कागद नाही म्हणून पीककर्ज नाही, आणि पूर आला तर भरपाई मालकाच्या खात्यात जमा होते. अशा वाटेकरी तरुणांची नावे मला प्रथम दिसली ती या केंद्राच्या वहीत. केंद्राच्या वहीने कायद्याने कोणताही हक्क मिळत नाही, हे मला ठाऊक आहे. पण वाटेकऱ्याला मशागतीचा रोटर आणि कापणीचा रीपर इतरांइतक्याच दराने आणि आपल्या क्रमाने मिळतो.

आता कामाविषयी. मे महिन्यात ट्रॅक्टरच्या रोटरने ६० गुंठे दोन वेळा उभे-आडवे केले. तीन तास लागले आणि तासाला १,१०० रुपयांप्रमाणे ३,३०० रुपये झाले. या कामात सांगण्यासारखे विशेष काही नाही. बाजारातील दरापेक्षा हा दर फार कमी नाही, पण ट्रॅक्टर रात्री आठ वाजता दिवे लावून आला, कारण माझी पाळी संध्याकाळी सुटत होती. दिवसा येणारा ट्रॅक्टर आमच्या भागात कोणीही देतो. रात्री वेळेवर येणारा मी पहिल्यांदाच पाहिला.

पेरणीचे काम मात्र तपशिलात सांगण्याजोगे आहे. आमच्याकडे भात बहुतांशी धूळवाफेवर, म्हणजे पावसाआधी कोरड्या जमिनीत, पेरले जाते. पूर्वी बैलजोडीला कुरी (पेरणीचे लाकडी अवजार) जोडून ही पेरणी होत असे आणि ज्याच्याकडे एकच बैल असे तो दुसऱ्याशी पैरा करून जोडी जमवत असे. आता जोड्याच मोजक्या उरल्या, तेव्हा पैराही आपोआप संपला. ज्यांच्याकडे जोडी आहे ते आधी स्वतःची पेरणी उरकतात आणि आपली पाळी येईपर्यंत मृगाचा पाऊस येऊन जमीन ओली होते. केंद्राच्या पेरणी यंत्राला नऊ दाते असून दोन ओळींतील अंतर नऊ इंचांचे ठेवता येते. यंत्र बांधावर आल्यावर ते लगेच शेतात घातले गेले नाही. चालकाने आधी त्याचे चाक जमिनीपासून उचलून ठरावीक फेरे फिरवले, प्रत्येक नळीतून पडलेले बी वेगवेगळ्या पिशवीत धरले आणि तराजूवर तोलले. दोन नळ्यांतून बी कमी पडत होते, त्या साफ केल्या. या तपासणीला वीस मिनिटे गेली आणि त्या वीस मिनिटांचे पैसे लावले नाहीत. इंद्रायणीचे बियाणे मी एकरी २८ किलोच्या हिशेबाने आणले होते, ते ६० गुंठ्यांना ४२ किलो बरोबर पुरले. वडील पहिल्यांदा बांधावर नुसते उभे होते. उगवण झाल्यावर ओळींत कुठे खाडे पडलेले नाहीत हे पाहून त्यांनी स्वतःहून केंद्रात फोन करून सांगितले, ही त्यांच्या दृष्टीने मोठी पावती आहे.

जुलैमध्ये पाऊस लागला आणि बळ्ळारी नाल्याचे पाणी नेहमीप्रमाणे खालच्या शिवारात शिरले. माझे शेत थोडे उंचावर असल्याने वाचले, पण नाल्याकाठच्या अनेक शेतांत भात कित्येक दिवस पाण्याखाली राहून कुजले. अशा वेळी या केंद्राचा उपयोग होत नाही, हे मोकळेपणाने नोंदवायला हवे. ओल्या काळ्या जमिनीत पेरणी यंत्र चालत नाही. रोप आणून हाताने लावण करणे एवढाच मार्ग उरतो, आणि केंद्राकडे रोप लावणीचे यंत्र नाही. त्या यंत्राला गादीवर वाढवलेले, चटईसारखे उचलता येणारे रोप लागते. तशी रोपवाटिका आधीपासून तयार ठेवावी लागेल आणि पूर आला नाही तर ती वाया जाईल, असे भागीदारांचे म्हणणे आहे. त्यांची बाजू मला समजते. तरीही नाल्याचे पाणी आमच्याकडे वारंवार येते. नाल्याकाठच्या शेतकऱ्यांकडून थोडी थोडी आगाऊ रक्कम घेऊन सामाईक रोपवाटिका करता येईल, असे मी त्यांना सुचवले आहे.

भांगलणीच्या काळात मी पॉवर वीडर दोन दिवस नेला. दिवसाचे भाडे ७०० रुपये आणि पेट्रोल आपले. उसाच्या चार फुटी सरीत त्याने उत्तम काम केले. तण मुळासकट निघाले, माती भुसभुशीत झाली आणि ३० गुंठे एका दिवसात उरकले. दुसऱ्या दिवशी तोच भातात चालवण्याचा प्रयत्न केला तो मात्र पूर्णपणे फसला, कारण नऊ इंचांच्या ओळीत त्याची पाती मावत नाहीत आणि दोन्ही बाजूंची रोपे कापली जातात. हे मला आधी सांगायला हवे होते. मी विचारले नाही हे खरे, पण वहीत ‘भात व ऊस’ असे लिहिलेले असताना यंत्र देणाऱ्याच्या ते लक्षात यायला हवे होते. तक्रार केल्यावर त्यांनी दुसऱ्या दिवसाचे भाडे परत केले आणि सायकलच्या चाकाचे हातकोळपे विनामूल्य दिले. भातासाठी ते कोळपेच योग्य आहे. वीडर देताना चालवण्याची माहिती पाच मिनिटांत उरकली जाते, हेही मला पटले नाही. फिरती पाती पायाजवळ असतात. बंद बूट घालावेत, मागे सरकताना क्लच सोडावा, पात्यांत अडकलेले गवत इंजिन बंद केल्याशिवाय काढू नये, या सूचना प्रत्येकाला, आणि पहिल्यांदाच यंत्र हाती धरणाऱ्या कॉलेजातील मुलांना तर नक्कीच, करून दाखवल्या पाहिजेत.

ऑगस्टच्या अखेरीस भातावरील करपा रोगासाठी ड्रोनने फवारणी करून घेतली. ड्रोन केंद्राच्या मालकीचा नाही. तो एका महिला बचत गटाचा असून हंगामापुरता केंद्रामार्फत चालवला जातो. उडवण्याचे रिमोट पायलट प्रमाणपत्र भागीदारांपैकी त्या तरुणीकडे आहे. हे प्रमाणपत्र १८ ते ६५ वर्षे वयाच्या आणि दहावी उत्तीर्ण असलेल्या व्यक्तीला मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण घेऊन मिळते. गावातील पुष्कळ मुलामुलींना हे ठाऊकही नाही, म्हणून मुद्दाम लिहीत आहे. दहा लिटरच्या टाकीचा हा ड्रोन आहे. बॅटरी बदलण्याचा वेळ धरूनही ६० गुंठे वीस मिनिटांच्या आत झाले. एकरी ४५० रुपयांप्रमाणे ६७५ रुपये द्यावे लागले, औषध माझे. पाठीवरच्या पंपाने हेच काम करायला मला सोळा पंप आणि अर्धा दिवस लागतो, शिवाय औषध अंगावर उडते ते वेगळे. पहिल्या दिवशी वारा होता म्हणून या ड्रोन चालवणाऱ्या ताईंनी काम रद्द केले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला आल्या. शेजाऱ्याची कोथिंबीर असल्याने त्या बाजूचा दहा फुटांचा पट्टा त्यांनी सोडला. तो मी नंतर पंपाने मारला. ही काळजी मला योग्य वाटली. सांबरा, मुतगे या बाजूच्या शेतकऱ्यांनी मात्र एक लक्षात घ्यावे. विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही, त्यामुळे त्या शिवारातील कामे हे केंद्र घेत नाही. फवारणीच्या वेळी औषध कालवणाऱ्या मदतनीस मुलाच्या हातात मोजे नव्हते आणि डोळ्यांवर चष्मा नव्हता. ड्रोनने शेतकऱ्याचे अंग वाचवायचे आणि मदतनीसाचे उघडे ठेवायचे, हे बरोबर नाही. मी तेव्हाही बोललो होतो.

सर्वांत मोलाचे काम झाले ते नोव्हेंबरात, आणि सर्वांत मोठा त्रासही तेव्हाच झाला. आमच्या काळ्या जमिनीत भाताच्या कापणीनंतर त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा पेरतात. पुढे पाणी द्यावे लागत नाही, जमिनीतील ओल आणि हिवाळ्यातील दव यांवरच पीक निघते. पण ही ओल थांबत नाही. कापणी लांबली की जमीन वरून वाळून भेगा पडू लागतात आणि मसूर उगवत नाही. दुसरीकडे सगळ्यांचे भात एकाच पंधरवड्यात तयार होते आणि कापणीला बायका मिळत नाहीत. कम्बाइन हार्वेस्टर मागवावा तर लहान तुकड्यांत तो वळत नाही, ओल्या जागी रुततो आणि पिंजर, म्हणजे भाताचा पेंढा, मोडून टाकतो. ज्यांच्या दारात म्हशी आहेत त्यांना पिंजराची गंजी धान्याइतकीच महत्त्वाची असते. केंद्राचा चालत चालवायचा रीपर या सगळ्यांतून बरोबर मार्ग काढतो. तो चार फुटांचा पट्टा कापतो, भात एका बाजूला ओळीने निजवतो, पिंजर अखंड राहते आणि बुडखाही आखूड राहतो.

माझा हिशेब असा आहे. मागील वर्षी ६० गुंठ्यांच्या हाताने कापणीला ३५० रुपयांप्रमाणे सोळा बायकांचे ५,६०० आणि ६०० रुपयांप्रमाणे दोन गड्यांचे १,२०० असे ६,८०० रुपये गेले आणि बायका मिळतील तशा आल्याने काम चार दिवस रेंगाळले. या वर्षी रीपर तीन तास चालला, त्याचे तासाला १,००० प्रमाणे ३,००० रुपये, आणि पेंढ्या बांधायला चार बायका, त्यांचे १,४००. एकूण ४,४०० रुपये आणि एक दिवस. वाचलेल्या २,४०० रुपयांपेक्षा वाचलेले तीन दिवस मला अधिक मोलाचे वाटतात, कारण कारखान्यात हंगामासाठी सलग रजा मिळत नाही आणि न विचारता राहिले तर पाळीच जाते. रीपर ती तरुणीच चालवत होती. पहिल्या वळणावर बांधावरच्या दोन म्हाताऱ्या आजी कौतुकाने आणि थोड्या काळजीने पाहत होत्या. ‘बाळ, जड नाही का गं ते?’ असे एकीने विचारले, तेव्हा ‘आजी, पाटीभर ओल्या चाऱ्याएवढंबी नाही’ असे उत्तर आले. कायद्याने २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क आहे, परंतु लग्नाच्या सुमारास तिने हक्कसोडपत्रावर सही करावी अशी अपेक्षा घरोघरी धरली जाते. शेती करू इच्छिणाऱ्या मुलींची वाट त्या एका सहीने बंद होते. शेती करणाऱ्या मुलांना मुली दिल्या जात नाहीत, याची चर्चा आमच्याकडे प्रत्येक लग्नसराईत होते, तिच्याबरोबर या सहीचीही चर्चा व्हायला हवी.

आता त्रासाविषयी. रीपर माझ्या शेतात यायचा होता त्याच्या आदल्या दिवशी दुसऱ्याच्या शेतात त्याचा पट्टा तुटला. जादा पट्टा केंद्रात नव्हता, बेळगावात मिळाला नाही, कोल्हापूरहून मागवावा लागला आणि दोन दिवस गेले. आभाळ भरून आलेले असताना ते दोन दिवस मी कसे काढले ते माझे मला ठाऊक. केंद्राच्या बाजूने सांगायचे तर त्यांनी खोटे काही सांगितले नाही, रात्रीच फोन करून बिघाडाची कल्पना दिली, आगाऊ रक्कम परत घ्यायची असल्यास घ्या असेही सांगितले, आणि यंत्र दुरुस्त झाल्यावर क्रम न बदलता माझ्याकडेच आणले. तरीही हंगामाच्या तोंडावर पट्टा, पाती आणि साखळी यांचा एकेक जादा संच शेडमध्ये नसणे ही गंभीर उणीव आहे. एकाच रीपरवर त्या पंधरवड्यात सत्तरहून अधिक नावे नोंदवलेली मी वहीत पाहिली. एवढी नावे घ्यायला नको होती.

दुसरी उणीव किमान भाड्याची आहे. कोणतेही ट्रॅक्टरचे अवजार नेले की किमान एका तासाचे पैसे द्यावे लागतात. माझ्या ६० गुंठ्यांना त्याची झळ बसत नाही, पण शेजारच्या १२ गुंठेवाल्या विधवा काकींना बसते. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील सरासरी धारण क्षेत्र १.०८ हेक्टर, म्हणजे पावणेतीन एकरांच्याही आत आहे, आणि आमच्याकडे वाटण्या होत होत अनेकांच्या हाती त्याहून कितीतरी लहान तुकडा आला आहे. एका शिवारातील लागून असलेले चार-पाच तुकडे एकाच फेरीत घेऊन पैसे गुंठ्यावर लावले, तर केंद्राचे डिझेलही वाचेल. हे मी सुचवल्यावर पुढील पेरणीला तसे करून पाहू, असे उत्तर मिळाले.

या उणिवांमागे भागीदारांची स्वतःची अडचणही आहे, आणि ती समजून न घेता त्यांना दोष देणे मला योग्य वाटत नाही. यंत्रे भाड्याने देणारी केंद्रे वाढावीत अशी सरकारी योजनांची दिशा आहे. कर्नाटकात २०१४-१५ पासून होबळी (तालुक्याखालील महसुली विभाग) पातळीवर कृषी यंत्रधारे केंद्रे उघडली गेली. केंद्र सरकारच्या कृषी पायाभूत सुविधा निधीत २०२० पासून २ कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जावर सात वर्षे ३ टक्के व्याज सवलत आहे आणि अवजार केंद्रे त्यात बसतात. या पाचजणांनी एका बँकेत कर्जासाठी अर्ज केला होता. तेथे पहिला प्रश्न तारणाचा निघाला, आणि पाचपैकी एकाच्याही नावावर उतारा नाही. जमीन कुणाच्या वडिलांची, कुणाच्या आजोबांची, एकाची तर हलगा-मच्छे बायपासच्या रेषेत येणारी. त्या रस्त्याविरुद्ध येथील शेतकरी अनेक वर्षे लढत आले आहेत, आणि उद्या शेत राहील की नाही याची खात्री नसलेल्या घरातील मुलाला यंत्रासाठी कर्ज काढ असे सांगणे सोपे नाही. शेवटी त्यांनी आपल्या बचतीतून आणि एकीच्या सोन्यातून जुना ट्रॅक्टर आणि वापरलेला रीपर घेतला. जुन्या यंत्राचा पट्टा तुटतो. शेतकऱ्याकडून उतारा न मागणारे हे पाचजण स्वतः उताऱ्यावाचून अडले आहेत, ही गोष्ट मला हंगामभर टोचत राहिली.

ज्यांना हे काम शिकायचे आहे त्यांच्यासाठी एक माहिती. आपल्या जिल्ह्यात बैलहोंगल तालुक्यातील मत्तीकोप आणि गोकाक भागातील तुक्कानट्टी येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत आणि धारवाडचे कृषी विद्यापीठ फार लांब नाही. पेरणी यंत्राची नळी तोलून पाहण्याची पद्धत आपण धारवाडच्या कृषी मेळ्यात शिकलो, असे चालकाने मला सांगितले. पाळीत काम करणाऱ्याला तेथे दिवस घालवणे जड जाते, पण एक दिवस काढण्याजोगा आहे.

मसुरीची पेरणी रीपरनंतर चौथ्या दिवशी त्याच नऊदाती यंत्राने झाली. पट्ट्याच्या बिघाडात गेलेले दोन दिवस धरूनही ओल पुरली. केवळ बांधाकडची चार-पाच गुंठे जागा, जिथे जमीन आधी वाळते, विरळ उगवली आहे. हे लिहीत असताना बाकीचे शेत फुलावर आहे.

पुढील हंगामाच्या पेरणीची नोंदणी अक्षय तृतीयेपासून सुरू होईल. काळ्या जमिनीच्या शेतकऱ्यांनी पहिल्या आठवड्यातच नाव द्यावे, पीक आणि दोन ओळींतील अंतर स्पष्ट सांगावे, लहान तुकडे असल्यास शेजाऱ्यांना बरोबर घेऊन जावे. रीपरसाठी आगाऊ रक्कम देण्यापूर्वी जादा पट्टा शेडमध्ये आला आहे का, हे विचारावे आणि तो डोळ्यांनी पाहावा. मी ६० गुंठ्यांची नोंद करणार आहे. या वेळी रकान्यात माझ्या नावाखाली माझ्या पुण्यातील काकांच्या मुलाचेही नाव असेल, कारण स्वतःच्या वडिलांशी बोलून आपल्या वाट्याची पडीक राहिलेली वीस गुंठे जागा त्याने मेमध्ये सुट्टी काढून स्वतः पेरायची ठरवली आहे.